पाय उडाला की आधी वही काढा

इंदूरच्या राजेंद्र नगरात माझं औषधांचं दुकान आहे, त्याला सव्वीस वर्षं झाली. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून किती लोकांना गोळ्या समजावल्या असतील त्याचा हिशेब नाही. २०२१ च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी धाकटा भाऊ गच्चीवरच्या टाकीचा वॉल्व्ह बघायला शिडीवर चढला आणि शिडीसकट खाली आला. डी-८, म्हणजे छातीमागचा आठवा मणका फुटला. त्या दिवसापासून मी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायला शिकतोय. भाऊ इलेक्ट्रिकची कामं घ्यायचा. अजूनही घेतो, फक्त आता शिडीवर पोरं चढतात आणि हा खालून व्हीलचेअरवरून शिव्या घालतो.

मज्जारज्जूला मार बसलेलं माणूस घरात असेल तर त्याच्या पायांच्या हालचालीचं, ताठरपणाचं आणि गोळ्यांचं टिपण कसं ठेवायचं, आणि त्यात सेरोटोनिन नावाच्या रसायनावर का लक्ष ठेवायचं, ते इथे सांगतो. उपचार डॉक्टरांनी ठरवायचे. पण डॉक्टर महिन्यातून दहा मिनिटं बघतात, बाकीचा महिना आपल्या डोळ्यांसमोर जातो. त्या महिन्याची नोंद नसेल तर त्या दहा मिनिटांत आपण "बरं आहे, पण पाय उडतात" एवढंच सांगून बाहेर येतो. आम्ही सहा महिने तेच केलं.

आधी नर्मदेच्या पाण्याचं उदाहरण

नळाला नर्मदेचं पाणी येणाऱ्या इंदूरकरांना हे लवकर कळेल. नळ उघडा आहे, लाइनही शाबूत आहे, पण दाब नाही. मग पाणी वरच्या टाकीत चढत नाही. मेंदूकडून पायाकडे जाणाऱ्या हुकमाचं असंच आहे. 'अंगठा हलव' हा हुकूम एका वाटेनं खाली येतो, पण तो आला म्हणजे स्नायू हललाच असं नाही. पायाचे स्नायू चालवणाऱ्या पेशी, म्हणजे मोटर न्यूरॉन, मज्जारज्जूच्या खालच्या भागात असतात आणि त्यांना हुकमाबरोबर दाबही लागतो. तो दाब देणाऱ्यांत सेरोटोनिन मोठं. (नॉरॲड्रेनालिनही आहे, पण त्याला आज बाहेर बसवू.)

हे सेरोटोनिन मज्जारज्जूत जवळजवळ सगळं वरून येतं. मेंदू जिथे मानेला जोडला जातो त्या देठात, मधल्या रेषेवर 'राफे' नावाचे पेशींचे पुंजके आहेत. डालस्ट्रोम आणि फुक्से या स्वीडनच्या दोघांनी १९६४ मध्ये या पेशींचा नकाशा मांडला. तिथून बारीक तंतू पार कमरेपर्यंत उतरतात आणि मोटर न्यूरॉनवर सेरोटोनिन सोडतात. ते पोचलं की पेशी तयार होते. छोटासा इशारा आला तरी तिच्यातले कॅल्शियम आणि सोडियमचे दरवाजे उघडतात, इशारा मोठा होतो आणि काही वेळ टिकून राहतो. आपण नुसते उभे राहतो तेव्हाही मांडीचे स्नायू सतत काम करत असतात, आणि ते काम टिकवण्यात या प्रकाराचा मोठा वाटा आहे.

मज्जारज्जू पूर्ण तुटला तर तुटलेल्या जागेच्या खाली सेरोटोनिन नावापुरतंच उरतं. अर्धवट इजा असेल तर काही तंतू वाचतात आणि थोडं झिरपत राहतं. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: इजा पूर्ण की अपूर्ण? तपासणीच्या कागदावर 'एशिया' अशा शीर्षकाखाली ए, बी, सी, डी, ई यांपैकी एक अक्षर असतं. 'ए' म्हणजे पूर्ण. 'बी' म्हणजे इजेखाली संवेदना आहे पण हालचाल नाही. 'सी' आणि 'डी' म्हणजे हालचालही आहे, डीमध्ये जास्त ताकदीची. भाऊ घरी आला तेव्हा बी होता. ते अक्षर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्ठं लिहून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

पेढ्यांची घाई

सुरुवातीचे आठवडे पाय ओल्या पोत्यासारखे असतात. उचलले तर उचलले जातात, सोडले तर पडतात. दाब गेलेला, पेशी गप्प. मग साधारण सातव्या आठवड्यात एक सकाळ आली. पुतणी चादर बदलत होती, तिचा हात तळव्याला लागला आणि भावाचा उजवा पाय गुडघ्यात वाकून सपकन वर आला. आई तिथेच होती. तिनं देवाला हात जोडले, चपला घातल्या आणि मला फोन केला, "खजराण्याच्या गणपतीला जाऊन येते, पेढे घेऊन." मी दुकान पोराच्या हवाली करून घरी गेलो. पाय परत उडाला. भाऊ आढ्याकडे बघत म्हणाला, "दादा, हे मी नाही केलं."

त्यानं ते सांगितलं नसतं तर पेढे वाटले गेलेच होते.

नंतर काय झालं ते मला वाचून कळलं. कॅनडात एडमंटनला प्रयोगशाळेत उंदरांवर काम झालं आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. मज्जारज्जू तुटल्यावर मोटर न्यूरॉन सेरोटोनिनची काही आठवडे वाट बघतो. मग त्याच्यावरचा सेरोटोनिन झेलणारा एक ग्राहक (रिसेप्टर), फाइव्ह-एचटी-टू-सी नावाचा, सेरोटोनिन नसतानाच चालू राहायला लागतो. म्हणजे लाइनला दाब नाही म्हणून घरवाल्यानं नळालाच मोटर लावून टाकली. यानं पेशीला पुन्हा जीव येतो, ही चांगली बाजू. पण मोटर बंद करणारा कुणी नाही. वरून येणारा लगामही तुटलेला आहे. म्हणून चादर लागली, थंडी वाजली, लघवी साठली की पाय उडतो आणि उडतच राहतो. मी हे भावाला समजावलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सप्लाय आला, अर्थिंग गेलं." एवढ्या थोडक्यात मला कधी जमलं नसतं.

तेव्हा पाय उडाला तर ती वाईट बातमी नाही आणि नवसाची बातमीही नाही. खालची पेशी जिवंत आहे, एवढंच त्यातून कळतं. वरचा हुकूम पोचतोय का, ते वेगळं तपासावं लागतं. आम्ही ते असं करतो.

माणसाला उताणं झोपवा. घाई नको, पाय उडून शांत झाल्यावर पाच मिनिटं जाऊ द्या. पायाला कुणी हात लावायचा नाही, चादरही नको. एकच हालचाल मागा, 'उजवा अंगठा वर'. मग 'सोड'. आणि मग, हे महत्त्वाचं, 'आता काहीच करू नकोस' म्हणून पंधरा सेकंद थांबा. हे पाच वेळा करा, पण मधलं थांबणं दर वेळी वेगळ्या लांबीचं ठेवा. सांगितल्यावरच हलतो, न सांगता हलत नाही, आणि सोड म्हटल्यावर सुटतो, असं पाचपैकी चारदा झालं तर वहीत लिहा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना किंवा फिजिओला दाखवा. झटका हुकमावर थांबत नाही, तो आपल्या मर्जीनं ओसरतो. भावाचा अंगठा हुकमानं हलला तो मे महिन्यात, तोही इतका कमी की पुतणीनं अंगठ्यामागे फूटपट्टी धरली होती. त्या दिवशी आईला मीच पेढ्यांचे पैसे दिले.

वही

साधी दोनशे पानी. मोबाइलमध्ये नको. बघणारे हात बदलतात, मोबाइल बदलतो, आणि डॉक्टर पान उलटतात तसं स्क्रीन सरकवत बसत नाहीत.

रोजच्या पानावर आम्ही झटक्यांसाठी एकच आकडा लिहितो. पेन (Penn) नावाच्या डॉक्टरांचं एक जुनं मोजमाप आहे, ते वापरतो. झटके नाहीत, शून्य. फक्त हात लावला किंवा हलवलं तरच येतात, एक. आपणहून येतात पण तासाला एकापेक्षा कमी, दोन. तासाला एकापेक्षा जास्त, तीन. तासाला दहाच्या वर, चार. सकाळचा आकडा आणि रात्रीचा आकडा. त्याच्या शेजारी झोप, लघवी कितीदा आणि किती, शौच झालं की नाही, ताप, आणि त्या दिवशी सुरू झालेली किंवा बंद झालेली कोणतीही गोळी, सिरप, मलम, काढा. काढासुद्धा. आठवड्यातून एकदा, रविवारी पोह्यांनंतर, अंगठ्याची चाचणी. आता भाऊ वॉकर धरून चालतो, म्हणून अंगणात खडूनं दहा मीटर आखलेत आणि पुतणी घड्याळ लावते. गेल्या महिन्यात अठ्ठावन्न सेकंद होते.

आकडा अचानक वाढला तर गोळी वाढवायचा विचार सगळ्यात शेवटी. आधी काटा शोधा. खालच्या पेशींना वेदना कळते, माणसाला कळत नाही, म्हणून पाय त्याच्या वतीनं ओरडतो. मूत्राशय भरलंय का? लघवीसाठी लावलेली कॅथेटरची नळी मांडीखाली दबलीय का? लघवी गढूळ, वासाची आहे? तीन दिवस शौच झालं नाही? कुल्ल्यावर, टाचेवर, माकडहाडावर लाल डाग? नख आत वाढलंय? बूट आवळतोय? एकदा भावाचा आकडा दोनवरून चारवर गेला आणि आम्ही दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी भावजयीला त्याच्या डाव्या मोज्यात शेवेचा एक कडक तुकडा सापडला. रतलामी, लवंगवाली.

इथे एक गोष्ट थांबून वाचा. इजा डी-६ किंवा त्याच्या वरची असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला, तर हा साधा झटका नाही. अशा माणसांचा रक्तदाब एरवी कमी असतो, वरचा आकडा नव्वद ते एकशेदहा. तो वीस-चाळीसनं चढला तरी धोका असतो, आणि यंत्रावर एकशेतीस-चाळीस बघून घरचे निर्धास्त राहतात. ताबडतोब बसतं करा, पाय खाली सोडा, कपडे-पट्टे सैल करा, मूत्राशय आणि नळी बघा. कारण सापडून दाब उतरला नाही तर दवाखाना, वाट न बघता.

माझी चूक

आता गोळ्या. हे माझं क्षेत्र, आणि इथेच मी तोंडावर पडलो.

अपघातानंतर आठ-नऊ महिन्यांनी भाऊ गप्प गप्प राहायला लागला. जेवायचा नाही, भिंतीकडे तोंड करून पडायचा. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम सुरू केलं, दहा मिलिग्रॅम. बरोबर औषध होतं, त्यानं माणूस भिंतीकडून इकडे वळला. हे औषध सोडलेलं सेरोटोनिन परत शोषलं जाऊ देत नाही, म्हणजे जे आहे ते जास्त वेळ रेंगाळतं. झटक्यांचा आकडा थोडा वाढला. अपूर्ण इजेत हे होऊ शकतं, कारण वाचलेल्या तंतूंमधून झिरपणारं सेरोटोनिन आता जास्त टिकतं. डॉक्टरांना वही दाखवली, त्यांनी ते लक्षात घेतलं. इथपर्यंत सगळं ठीक.

डिसेंबरात व्हीलचेअर ढकलून ढकलून त्याचा खांदा धरला, वर कोरडा खोकला. मी दुकानातून येताना ट्रॅमाडॉलची एक पट्टी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं सिरप घेऊन आलो. ट्रॅमाडॉल चिठ्ठीशिवाय द्यायचं औषधच नाही. गिऱ्हाइकाला मी दिलं नसतं. घरचं माणूस म्हणून दिलं.

रात्री दोनला भावजयीचा फोन. "दादा, पाय थांबतच नाहीयेत." मी झोपेत म्हणालो, थंडी आहे, पांघरूण घाल. ती म्हणाली, "हातही थरथरतायत." तिथे माझी झोप उडाली. भावाची इजा छातीच्या मणक्याची. पाय उडतील, पोट आवळेल, पण हात थरथरायचं त्या इजेला काही कारण नाही. जाऊन बघतो तर डिसेंबरच्या इंदुरी थंडीत बनियन घामानं चिंब, दात वाजतायत, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, नाडी धावतेय, अंथरूण खराब झालेलं. पाऊल हातानं वर दाबलं तर ठक-ठक-ठक करत थांबेचना. ते एरवीही होतं, म्हणूनच फसायला होतं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "नवीन काय दिलं?" सेरोटोनिन वाढवणारी तीन औषधं एका अंगात, आणि त्यातली दोन माझ्या शेल्फवरची. गोळ्या बंद केल्या, सलाइन लावलं, रात्रभर नजरेखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ ताळ्यावर आला. याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. वाढला तर ताप चढून जीवही जातो.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर ही नावं हवीत, आणि प्रत्येक नव्या चिठ्ठीशी ताडून बघायची. उदासीसाठीची एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन, पॅरोक्सेटीन. नसांच्या जळजळीसाठी देतात ती ड्युलॉक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन, ॲमिट्रिप्टिलीन. दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल. अर्धशिशीची सुमाट्रिप्टान. कोरड्या खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. आणि लिनेझोलिड. हे प्रतिजैविक आहे, त्यामुळे कुणाला संशयच येत नाही, पण सेरोटोनिन मोडणारं एन्झाइम ते अडवतं. लघवीच्या किंवा जखमेच्या हट्टी संसर्गात ते लिहिलं जातं, आणि मज्जारज्जूच्या रुग्णाला हे दोन्ही संसर्ग वारंवार होतात. यातली दोन एकत्र आली म्हणजे अनर्थच होतो असं नाही. डॉक्टर जाणून बुजून, डोस बघून देतातही. तुमचं काम एवढंच की लिहिणाऱ्याला दुसऱ्या गोळीची माहिती असावी. फ्लुऑक्सेटीन बंद केल्यावरही काही आठवडे अंगात राहतं, म्हणून बंद केलेल्या गोळीची तारीखही लिहा. नसांच्या जळजळीचीच प्रीगाबालिन आणि गॅबापेंटिन या गावची नाहीत, ती सेरोटोनिन वाढवत नाहीत; त्यांनी झोप येते ती वेगळी.

आणि पायापेक्षा वर, हात, जबडा, डोळे इथे कंप दिसला, वर घाम आणि जुलाब, आणि गेल्या चोवीस तासांत नवीन औषध, तर सकाळची वाट बघू नका.

उलटीही चूक करू नका. हे वाचून उदासीची गोळी परस्पर बंद करू नका. तशीच ताठरपणासाठीची बॅक्लोफेनची. ती सेरोटोनिनवर काम करत नाही, तुटलेल्या लगामाच्या जागी दुसरा लगाम लावते. ती एकदम थांबवली तर भास होतात, फिट येऊ शकते. सुट्टीत दुकानं बंद असतात, दिवाळीत तर हमखास. पट्टी संपायच्या आठ दिवस आधी नवी आणून ठेवा.

केळी, पावडरी आणि भुकेचं सिरप

रोज कुणीतरी विचारतं. "भिया, सेरोटोनिन बढ़ाने का कुछ दो." शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यांत असतं, आणि रक्तातून ते मेंदूत किंवा मज्जारज्जूत शिरत नाही. केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं. ते खा, पोट साफ राहील, तेही कमी नाही. पायापर्यंत ते पोचत नाही. ऑनलाइन फाइव्ह-एचटीपीच्या, म्हणजे सेरोटोनिनच्या कच्च्या मालाच्या कॅप्सूल मिळतात, त्या मात्र आत शिरतात. त्या उदासीच्या गोळीबरोबर घेतल्या तर माझ्या डिसेंबरची रात्र तुमच्या घरी.

मग गोळीनं चाल सुधारेल का? पक्षाघातात हे नीट तपासलं गेलंय, ते सांगतो, कारण त्यातून सावध व्हायला होतं. फ्रान्समध्ये ११८ रुग्णांना फ्लुऑक्सेटीन किंवा बिनऔषधी गोळी दिली. २०११ मध्ये निकाल आला की फ्लुऑक्सेटीनवाल्यांचे हात-पाय जास्त सुधारले. जगभर आशा पालवली. मग ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर सहा महिने तेच केलं. २०१८ च्या अखेरीचा निकाल: रोजच्या कामात फरक नाही, उदासी कमी, हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र जास्त. २०२० मध्ये आणखी दोन मोठ्या अभ्यासांनीही कामात फरक नाही आणि हाडं मोडणं जास्त, हेच दाखवलं. आता मज्जारज्जूचा रुग्ण घ्या. त्याची पायाची हाडं आधीच न वापरल्यानं ठिसूळ झालेली असतात. 'चालण्यासाठी' म्हणून ही गोळी मागायला माझ्याकडे कुणी आलं तर मी खुर्ची देतो, चहा देतो, गोळी देत नाही.

दुसऱ्या टोकाला सायप्रोहेप्टाडीन. आपल्याकडे हे भूक वाढवायचं सिरप म्हणून पोरांना पाजतात, हाडकुळे कॉलेजकुमारही मागतात. खरं तर हे सेरोटोनिनचे ग्राहक अडवणारं औषध आहे, आणि आपणहून चालू झालेल्या मोटरीलाही बंद करतं. कॅनडात मज्जारज्जूच्या रुग्णांवर ते वापरून बघितलं, झटके कमी झाले. मोहात पडू नका. तीच मोटर भावाच्या कामाची आहे. पलंगावरून खुर्चीत जाताना तो मुद्दाम मांडीवर थाप मारतो, पाय ताठतात, आणि त्या दोन-तीन सेकंदांत तो सरकतो. सगळा ताठरपणा काढला तर त्याला दोन माणसं लागतील. शिवाय हे औषध सुस्ती आणतं आणि लघवी अडवू शकतं. कुठला झटका ठेवायचा आणि कुठला काढायचा, हे वहीतून ठरतं. आमचं ठरलं असं: रात्रीचा काढायचा, सकाळचा ठेवायचा. डॉक्टरांनी बॅक्लोफेनचा मोठा भाग रात्रीकडे सरकवला.

व्यायाम थोडा थोडा, मध्ये थांबून

२००९ मध्ये स्वित्झर्लंड आणि अमेरिकेच्या चमूनं मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्या उंदरांना पट्ट्यावर चालतं केलं. व्हॉट्सॲपवर त्याची चित्रफीत अजून फिरते आणि खाली 'लकव्याचं औषध सापडलं' असं लिहिलेलं असतं. औषध सेरोटोनिनच्या ग्राहकांना चेतवणारं होतं, खरं आहे. पण त्याच्या जोडीला मज्जारज्जूवर विजेचा हलका प्रवाह होता, आणि आठवडेच्या आठवडे रोजचा सराव होता. औषध जमीन भिजवतं, पेरणी सरावानं होते.

आमच्याकडे वीज नाही, औषध नाही, सराव आहे. आणि सरावात जे हवं आहे तेच करायचं. चालायचं असेल तर उभं राहून पायांवर वजन घेऊन पाऊल टाकायचं, पलंगावर पाय वाकवत बसणं वेगळं. सांधे आखडू नयेत म्हणून तेही रोज, पण ती आंघोळ झाली, जेवण नाही. भावाचं पहिलं उभं राहणं गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्या आणि फिजिओच्या दोन हातांमध्ये, तीन मिनिटांचं होतं, चक्कर येऊन संपलं.

सलग किती? इथे सेरोटोनिनचीच एक गंमत आहे. थोडं असलं तर ते पेशीला पुढे ढकलतं. जोराचं काम फार वेळ चाललं आणि ते ओसंडून वाहिलं तर पेशीच्या दुसऱ्या भागावर, जिथून इशारा निघतो तिथे, ते ब्रेक लावतं. कोपनहेगनच्या गटानं कासवांवर हे २०१३ मध्ये दाखवलं. त्यातून भावासाठी मी काढलेला तर्क माझा आहे, पुरावा म्हणून धरू नका: आम्ही सलग अर्धा तास ओढत नाही. चार मिनिटं चालणं, तीन मिनिटं बसणं, असे पाच फेरे. वहीत बघितलं तर अशा दिवशी दहा मीटरचे सेकंद शेवटच्या फेरीतही फारसे घसरत नाहीत. फिजिओला विचारून ठरवा, त्यांना तुमचं माणूस दिसतं, मला नाही.

थोड्या थोड्या वेळासाठी कमी प्राणवायू हुंगवून, सेरोटोनिनच्याच वाटेनं पायाची ताकद वाढवण्याचे प्रयोगही परदेशात झालेत, यंत्रावर, डॉक्टरांच्या समोर. हे सांगायचं कारण, एका गिऱ्हाइकानं मला विचारलं होतं की नाकाला रुमाल बांधून चालेल का. नाही चालणार.

तपासणीच्या दिवशी

वही, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या (नावं नकोत, पट्ट्याच न्या), आणि तीन ओळींचा कागद. आकडा कुठून कुठे गेला, हुकमानं नवीन काय हलतं, आणि कुठला झटका त्रासाचा आहे, कुठला कामाचा. एवढं समोर ठेवलं की दहा मिनिटं पुरतात. आमचे डॉक्टर आता आधी वही मागतात, मग भावाला "कसे आहात" विचारतात. भावाला ते आवडत नाही.

शेवटच्या पानावरची औषधांची यादी आम्ही लॅमिनेट करून व्हीलचेअरच्या मागच्या खिशात ठेवली आहे, रात्री-बेरात्री दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं तर. तुम्हीही ठेवा. आमच्या कार्डावर सगळ्यात वर पुतणीनं लाल पेननं एक ओळ लिहिली आहे: 'विचारल्याशिवाय एकही गोळी द्यायची नाही. काकांनीसुद्धा.'